दोरीतला बाक

२९ ऑक्टोबर

ढगाळ. वारा वायव्येचा. बर्निस अशीच सुरुवात करायची, म्हणून मीही केली.

वही तिचीच आहे, माझ्या बायकोची. रोज दोन ओळी लिहायची ती: हवा, अंडी किती, कोण आलं, काय भाजलं. फेब्रुवारीत ती गेली तेव्हा ही वही निम्मी कोरी राहिली. स्वयंपाकघराच्या खणात पडून होती. म्हटलं, कोरी पानं कशाला वाया घालवायची? तिची पानं मी वाचत नाही. अक्षर मुंगीएवढं, आणि शाईही मधेमधे उडालीय. वहीची छपाई तर भिकार. पानावरच्या रेघा मधोमध खाली झुकल्यात. हल्ली कुणाला धड काही करायलाच नको.

लिहायला बसलो ते ट्रकमुळे. गेल्या आठवड्यात कुरणात बिज्जूच्या बिळात पुढचं चाक गेलं आणि चाकं वळवणारा दांडा, टायरॉड, वाकला. नवा टायरॉड मीच बसवला. आता चाकांची अलाइनमेंट करायला हवी, नाहीतर ट्रक रस्त्यावर भरकटतो आणि टायर महिन्यात खाल्ले जातात. गावातलं गॅरेज बंद होऊन तीन वर्षं झाली. साठ मैलांवरच्या बिस्मार्कच्या दुकानाने डिसेंबरची तारीख दिली. डिसेंबर काय चाटायचाय?

कारण करीन येतेय. माझी लेक. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी मिनियापोलिसहून विमानाने बिस्मार्कला. आज फोनवर म्हणाली, "डॅड, घ्यायला तूच ये. साठ मैल तू कशी गाडी चालवतोस ते मला बघायचंय."

"एकतीस वर्षं काउंटीचा रस्ते सपाट करायचा ग्रेडर चालवलाय मी. तू माझी परीक्षा घेणार?"

"हो, घेणार. नीट चालवलीस तर तू तिथेच राहा, मी एक शब्द बोलणार नाही. नाही जमलं, तर हा हिवाळा माझ्याकडे. खोली तयार करून ठेवलीय."

तिची खोली अकराव्या मजल्यावर आहे. खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसते. मला हे घर सोडायचं नाही, बास. ट्रक सरळ चालला पाहिजे.

२ नोव्हेंबर

थंडी. हौदावर बर्फाचा पापुद्रा.

आज सुरुवात केली. ट्रक गॅरेजात सरळ उभा केला, स्टिअरिंग मधोमध बांधलं. पुढच्या चाकांखाली जुन्या फरशांच्या जोड्या, मधे ग्रीस, म्हणजे चाकं हलकी वळतात. दोन्ही बाजूंना स्टँड लावून चाकांच्या मध्यावर गवंड्याची दोरी ताणली. ती मागच्या चाकाला टेकून पुढे जाते. पुढचं चाक पुढून एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आत हवं, जास्त नाही, कमी नाही. तेवढ्यासाठी टायरॉडचा नट फिरवत बसायचं.

दरवर्षी नोव्हेंबरात, बर्फ पडायच्या आधी, आम्ही दोघं हे करायचो. टेपला दोन टोकं आणि मधे अख्खा ट्रक, एकट्याचं काम नाहीच ते. बर्निस माझा डगला घालून फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर पलीकडे आडवी व्हायची, टोक धरायची, आकडा वाचायची. मी दोरीवरून एक डोळा मिटून बघायचो आणि सांगायचो, "झालं." ती म्हणायची, "अगदी बरोबर! फक्त माझ्या समाधानासाठी अजून अर्धा फेरा दे." द्यायचो. बायकोच्या समाधानाला काय लागतं?

खरं काम नजरेचं. माझा बाप म्हणायचा, टेप खोटं बोलेल, नजर नाही. डावा डोळा मिटला की उजव्यातून मला केसाएवढा बाक दिसतो. सगळी काउंटी हे जाणते.

आज टेपचं टोक कपड्यांच्या चिमट्याने टायरला लावलं. चारदा निसटलं. शेवटी वीट ठेवली. मग दोरीवरून पाहिलं तर दोरीच वाकडी! मधोमध पोट सुटलेलं. आणखी ताणली, तरी तेच. आणखी ताणली तर तुटून कानफटात बसली. स्वस्तातली दोरी, दुसरं काय.

पुठ्ठा अजून भिंतीला टेकवलेला आहे. तो तिथेच राहू दे.

३ नोव्हेंबर, रविवार

चर्चला गेलो. पास्टरने आज दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ, यावर प्रवचन दिलं. लायल माझ्या तीन बाकं पुढे बसला होता. त्याने नीट ऐकलं असेल अशी आशा आहे. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही त्याने.

लायल माझा शेजारी. मधलं कुंपण सामाईक आहे. इकडची रीत अशी, की दोघांनी कुंपणाच्या मध्यावर तोंडाला तोंड करून उभं राहायचं, आणि ज्याच्या उजव्या हाताला जो अर्धा भाग येईल तो त्याने राखायचा. लायलने सप्टेंबरात त्याच्या अर्ध्यात नवे खांब रोवले. मी एक डोळा मिटून पाहिलं, तर मधले खांब चक्क माझ्या जमिनीत घुसलेले. मी काय गप्प बसणार? बोललो. तो म्हणाला, "चोर म्हणतोस मला?" मी म्हटलं, "खांबच सांगतायत." तेव्हापासून त्याचं सकाळचं कॉफीला येणं बंद. अठ्ठावीस वर्षं येत होता.

६ नोव्हेंबर

नवी दोरी आणली, मासे धरायची नायलॉनची. शंभर पौंडाच्या माशानेही ही तुटत नाही म्हणे. तीही वाकडी. दोरीवर दोरी वाकडी निघते म्हणजे दोष दोरीत नाही, गॅरेजच्या काँक्रीटमध्ये आहे. जमीन खचली असणार. स्टँड सरकवले, पाचरी मारल्या, दिवस घालवला.

टेप पण बदलायला झालाय. ज्या आकड्याकडे बघावं तोच पुसट. बाजूचे आकडे स्वच्छ आणि मधला नेमका नाही. शेवटी टेप ठेवून दिला आणि नजरेने चाकं लावली. सातव्यांदा खाली-वर केलं तेव्हा गुडघ्याने राजीनामा दिला.

चालवून पाहिला. पूर्वीपेक्षा वाईट. सोडला की उजवीकडे जातो, सावरला की डावीकडे. उद्या परत.

दिवसभरात तोंडातून निघालेले शब्द मोजले. अकरा. सगळे शिव्या.

९ नोव्हेंबर

ऊन, पण पोकळ.

कॅफेत गेलो, फार दिवसांनी. कॉफीचे पैसे कुणी द्यायचे हे आम्ही फाशांवर ठरवतो. चामड्याच्या पेल्यात पाच फासे खुळखुळवायचे आणि आपटायचे. माझी पाळी आली. मी म्हटलं, "तीन चौके!"

हसले सगळे. "आर्ने, ते पंजे आहेत."

"चौके आहेत. चार कोपऱ्यांत चार टिंबं."

"आणि मधलं कुणी खाल्लं?"

कॅफेवाली ग्लोरिया खांद्यावरून वाकून म्हणाली, "पंजेच आहेत रे राजा. चौके सांगून तुझा तर तोटाच होता, मग कशाला थापा मारतोस?" पुन्हा हशा. त्यात लायलही. तो मोठ्याने नाही हसला, पण बघत राहिला माझ्याकडे, वेगळंच काहीतरी.

मी कॉफी अर्धी टाकून उठलो. बनावट फासे आणून म्हाताऱ्याची मजा करतात. बर्निसच्या माघारी माझी एवढीच किंमत उरली असेल तर नको ती कॉफी. पुन्हा जाणार नाही.

१३ नोव्हेंबर

सामान आणायला गेलो होतो. घरी येऊन टोपी काढतो न काढतो तोच फोन. लायल. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"आर्ने, तुझ्या मागून आलो आत्ता. दोनदा मधली पट्टी ओलांडलीस. सकाळी सकाळी घेतलीस का काय?"

"ट्रकची चाकं लावतोय. अजून बसली नाहीत."

"किती दिवस लावतोयस?"

"गॅरेजची जमीन खचलीय."

"नाचता येईना अंगण वाकडं! तीस साली तुझ्या बापाने ओतलेलं काँक्रीट आहे ते, त्यावर हत्ती नाचेल. हे बघ, मी येतो. टेपचं टोक धरतो."

मला म्हणायचं होतं, ये. खरंच म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं, "आधी खांब सरळ कर." त्याने फोन ठेवला.

मग मी बराच वेळ रिसीव्हर हातात धरून उभा होतो. त्यातून टूं टूं येत होतं. निदान आवाज तरी होता.

१७ नोव्हेंबर

बर्फ, चार इंच. चर्चला गेलो नाही. पुढच्या टायरवरून हात फिरवला. आतल्या कडा करवतीसारख्या खरखरीत झाल्यात. चाकं पुढून बाहेर फाकलीयत म्हणजे. नजर तर म्हणते सरळ आहेत. मग काय, फ्रेमच वाकली का ट्रकची?

२० नोव्हेंबर

करीनचा फोन. "पुढच्या बुधवारी, दुपारी दोन वाजता. येतोयस ना?"

"येणार म्हणजे काय."

"डॅड, लायलने मला फोन केला होता."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "तो माझी जमीन चोरतो आणि वर माझ्या मुलीचे कान भरतो!"

"त्याने फक्त विचारलं की तू बरा आहेस का. आणि मला उत्तर देता आलं नाही. ममी असताना मला सगळं कळायचं."

बर्निस फोनवर तासन् तास बोलायची. मला हवा सांगितली की विषय संपतो. मी हवा सांगितली.

मग स्वयंपाकघरात एकटाच बसलो. भिंतीवरचं घड्याळ एवढ्या मोठ्याने वाजतं हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. हे घर गेलं तर मी कोण? हेसुद्धा कुणाला विचारता येत नाही, कारण विचारायला कुणी नाही.

२२ नोव्हेंबर

आज जे झालं ते झालं तसं लिहितो.

सकाळी ट्रकखाली आडवा होतो. नट अडकला म्हणून पाना हातोडीने ठोकला, आणि वरून गंजाचा खपला पडला तो थेट उजव्या डोळ्यात. धावत जाऊन धुतला, खपला निघाला, पण डोळा उघडवेना. बर्निसच्या जुन्या स्कार्फची पट्टी बांधली आणि म्हटलं, बुधवार कुणासाठी थांबत नाही. परत गॅरेजात गेलो.

दोरी सरळ होती.

आधी वाटलं, धक्का लागून स्टँड हलला. वाकून पाहिलं. सरळ. पोट नाही, बाक नाही. टेप उचलला तर सगळे आकडे जागच्या जागी. आणि चाकं? चाकं पुढून अशी फाकलेली, जशी बदकाची पावलं. कुणीही आंधळा सांगेल.

पट्टी वर केली. डोळा चुरचुरत उघडला. डावा मिटला, सवयीने. दोरीला पोट आलं. उजवा मिटला. पोट गेलं. आलं, गेलं. किती वेळा केलं ते माहीत नाही. उजव्याने ज्या जागी बघावं नेमकी तीच जागा चोळामोळा केलेली, आणि अगदी मधे करडा डाग.

गॅरेजच्या दारात गेलो. बर्फात लायलचे खांब उभे होते. उजवा डोळा हाताने झाकला. पहिल्या खांबामागे सगळे खांब लपले. एकसुद्धा बाहेर डोकावत नव्हता. इतकं सरळ कुंपण माझ्या बापानेही घातलं नव्हतं.

बादली उपडी करून बसलो. फासे आठवले. मधलं टिंब कुणी खाल्लं ते आता कळलं. लाज वाटली. इतकी लाज मला शाळेत चड्डीत झाली तेव्हाही वाटली नव्हती. आणि भीती. ट्रक महिनाभर मीच वाकडा करत होतो. एखाद्याचं पोर समोरून आलं असतं तर?

२३ नोव्हेंबर

ट्रकला हात लावला नाही. टेप खिशात टाकला आणि कुंपणाच्या कडेने चालत लायलकडे गेलो, पाऊण मैल. जाताना एकेक खांबाला हात लावला.

त्याने दार उघडलं. हातात टोस्ट. माझ्या खिशातून डोकावणारा टेप बघून म्हणाला, "जमीन मोजायला आलास वाटतं?"

"कुंपण सरळ आहे," मी म्हणालो.

"ते मला ठाऊक आहे."

"माझा डोळा वाकडा आहे. उजवा. मधलं दिसत नाही."

त्याने टोस्ट खाली ठेवला. "म्हणजे ते पंजे?"

"मधली टिंबं मी खाल्ली."

हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. "मला त्याच दिवशी शंका आली होती रे. म्हणूनच करीनला फोन केला. तू तर माझ्याशी बोलेनास."

"मी तुला चोर म्हटलं."

"म्हटलंस. दोन महिने मी कॉफी एकट्याने पितोय, तुझ्यापेक्षा बरी करतो तरी गोड लागत नाही. मूर्ख आहेस तू, आर्ने."

"आहे."

"चालत आलास?" त्याने डगला उचलला. "शहाणपणाचं एक तरी काम केलंस. चल."

गॅरेजात तो पलीकडे थंड काँक्रीटवर तसाच आडवा व्हायला लागला. मी म्हटलं, "थांब." भिंतीचा पुठ्ठा काढला आणि त्याला दिला. तो पुठ्ठा कुणाचा हे त्याला माहीत होतं. हळूच त्यावर आडवा झाला.

"पुढे साडेपासष्ट," तो ओरडला. "मागे पावणेपासष्ट! अरे, सहा सूत फाकवलीस की! हा ट्रक आहे का नांगर?"

"आकडा सांग, अक्कल नको."

तो वाचत गेला, मी फिरवत गेलो. मी दोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. तासाभरात चाकं पुढून एक सूत आत आली. चालवून बघायला किल्ली मी त्याच्या हातात दिली. दोन मैलांवर त्याने हात स्टिअरिंगवरून उचलून मांडीवर ठेवले. ट्रक रेघ मारल्यासारखा गेला. महिनाभर मला हेच हवं होतं. आता ते बघत मी बाजूच्या सीटवर बसलो होतो.

२५ नोव्हेंबर

लायलने बिस्मार्कला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी चौकटींचा कागद दाखवला. "मधल्या रेघा झुकलेल्या दिसतात का?"

"माझ्या वहीतही तशाच आहेत," मी म्हणालो.

डोळ्याच्या पडद्याखाली रक्त झिरपलंय. सुई दिली, डोळ्यातच. दर महिन्याला द्यावी लागेल. गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, पण उरलेलं वाचेल. डावाही सांभाळायला हवा. "आणि तूर्त गाडी चालवू नका."

येताना लायल म्हणाला, "करीनला सांगू नको हवं तर. मनगट मुरगळलंय म्हण, मी चालवतो. ट्रक तर सरळ आहे." चांगला मित्र. रात्रभर मी मनगटाचाच विचार केला.

२८ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

स्वच्छ ऊन. वारा नाही.

काल विमानतळावर करीन बाहेर आली, लायलला चालकाच्या जागी पाहिलं आणि थबकली. "डॅड, तू का नाही चालवत?"

मनगट जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "मला नीट दिसत नाही, पोरी." साठ मैल ती आमच्या दोघांच्या मधे बसली आणि माझा हात धरून होती. एवढं तिने बारा वर्षांची असल्यापासून केलं नव्हतं. तिने हिवाळ्याचा विषय काढला नाही. ते जास्त कठीण होतं.

आज सकाळी बर्निसच्या पावाची कृती शोधायला तिने खण उघडला आणि ही वही निघाली. "ममीची वही!"

"शाई उडालीय तिची."

"कुठे उडालीय? चक्क दिसतंय की."

मी उजवा डोळा झाकला. दिसत होतं. प्रत्येक अक्षर. गेल्या वर्षीचं ११ नोव्हेंबर करीनने काढून दिलं, आणि मी नऊ महिन्यांत पहिल्यांदा बर्निसचं काहीतरी वाचलं:

"थंडी, वारा नाही. अंडी सात. आर्नेने ट्रकची चाकं लावली. नजरेने सरळ म्हणाला. टेपवर चार सूत वाकडं. दरवर्षीप्रमाणे 'अगदी बरोबर' म्हटलं आणि माझ्या समाधानासाठी अर्धा अर्धा फेरा करून सरळ करून घेतलं. खूश आहे. दोनदा केक खाल्ला."

दरवर्षीप्रमाणे! मी हसलो. मग रडायला लागलो, लेकीसमोर, पाव फुगत असताना. माझी नजर, माझ्या बापाची नजर, सगळ्या काउंटीत गाजलेली नजर. ती पुठ्ठ्यावर पडली होती, आकडा वाचत.

दुपारी लायल जेवायला आला. करीनने त्याला ते वाचून दाखवलं. जेवण झाल्यावर मी खिशातून किल्ली काढून त्याच्यापुढे ठेवली. करीनकडे बघत म्हटलं, "हिवाळाभर येतो तुझ्याकडे. सुया तिथेच घेऊ. मार्चमध्ये परत." ती उठून भांडी घासायला लागली, सगळी, स्वच्छ असलेलीसुद्धा.

लायलला म्हटलं, "आठवड्यातून एकदा चालव. मार्चमध्ये चाकं परत बघू. टेप तू वाचायचास."

त्याने किल्ली उचलली. "आणि आकडा खरा सांगायचा, का 'अगदी बरोबर' म्हणायचं?"

"खरा सांग," मी म्हणालो.